हलचा तो गोल: पाय क्रीझमध्ये होता, मग गोल दिलाच कसा? (आणि एकूणच व्हिडिओ रिव्ह्यू)

नायगारा_नाका
बफेलोच्या आसपास राहायला आलं की दोन गोष्टी कुणी न सांगता कळतात, बर्फ किती पडतो आणि १९९९ ला काय झालं. अजून गाड्यांवर 'नो गोल'चे स्टिकर दिसतात. काल ऑफिसात परत तोच वाद पेटला, म्हणलं इथे टाकावा, आपल्यात आईस हॉकी बघणारे चारपाच जण तरी आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएलची (अमेरिका-कॅनडातली आईस हॉकी लीग) स्टॅन्ली कप फायनल, बफेलो विरुद्ध डॅलस, सहावी मॅच, बफेलोतच. डॅलस स्टार्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे. मॅच १९ जूनच्या संध्याकाळी सुरू झाली आणि मध्यरात्र उलटली तरी १-१, एक ओव्हरटाइम गेला, दुसरा गेला, तिसरा चालू. तिसऱ्याच्या १४ मिनिटं ५१ सेकंदाला डॅलसच्या ब्रेट हलने गोलच्या तोंडाशी पक (बर्फावरची चपटी चकती) मारला, बफेलोचा गोली, म्हणजे गोलकीपर, हाशेकने अडवला, पक परत त्याच्याच पुढ्यात आला, त्याने परत मारला आणि आत. मॅच संपली, कप गेला. लगोलग बर्फावर डॅलसची सगळी टीम, त्यांचा स्टाफ, कॅमेरावाले, सगळी जत्रा.

आता गंमत बघा. त्या सीझनला नियम असा होता की पक आधी क्रीझमध्ये, म्हणजे गोलपुढच्या निळ्या अर्धगोलात, गेलेला नसेल तर हल्ला करणाऱ्या टीमच्या माणसाचा स्केट त्यात असता कामा नये, असेल तर गोल रद्द, त्याचा गोलीला त्रास झाला का नाही हा प्रश्नच नाही. वर्षभर यावर गोल रद्द होत होते, गोल झाला की नाचायचं नाही, वरच्या व्हिडिओवाल्यांचा फोन येईपर्यंत थांबायचं अशी सवय लागलेली लोकांना. आणि रिप्लेत हलचा डावा स्केट निळ्यात आहे हे शेंबडं पोरगंही सांगेल. तरी गोल दिला. का?

खडकी_एक्स्प्रेस
हॉकी वाचून धावत आलो तर ही बर्फावरची. असो, आलोच आहे तर बसतो. त्रास झाला का नाही हे न बघता नुसता पाय आत म्हणून गोल रद्द? असला नियम केला कुणी? आमच्यात डीमध्ये (गोलपुढचा अर्धगोल) पाय ठेवल्याशिवाय गोलच होत नाही 😄

ढ_गोलकीपर
काका, नियम मूर्ख वाटतो पण कारण होतं. आईस हॉकीत गोलीच्या अंगावर जाऊन बसायचे लोक, त्याच्या काठीवर काठी ठेवायची, पॅड ढकलायचं, नजरेसमोर पाठ करून उभं राहायचं. रेफरीला ते सगळं एका क्षणात दिसत नाही म्हणून त्यांनी सोपं केलं, रेषा आखलेली आहेच, रेषेच्या आत आलास की मेलास. कॅमेऱ्याला रेषा दिसते, ढकललं का नाही ते दिसत नाही. म्हणून रेषा.

आणि झालं काय की ज्याचा खेळाशी संबंध नाही, पलीकडच्या खांबापाशी कुणाच्या तरी स्केटचं टोक दोन इंच निळ्यात आहे, म्हणून चांगले चांगले गोल गेले. गोलकीपर म्हणून मला आवडायला पाहिजे, पण नाही आवडायचं.

फुकटसल्ला
@नायगारा, अर्धीच गोष्ट सांगितलीस. लीगचं स्पष्टीकरण त्याच रात्री आलेलं. पक हलच्या ताब्यात होता, त्याने स्केटने पक काठीकडे घेतला आणि मारला, आणि ताबा असलेला माणूस पकबरोबर क्रीझमध्ये गेला तर चालतं. यावर मार्चमध्येच सगळ्या टीमना मेमो गेला होता. गोलीला लागून पक परत आला तरी ताबा त्याचाच धरायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नियमाप्रमाणेच गोल दिला.

नायगारा_नाका
हो ना, मेमो! सबंध बफेलो या मेमोवर दात ओठ खातं. अरे प्रेक्षकाला नियम माहीत, टीव्हीवाल्याला नियम माहीत, आणि अपवाद कुठे तर मेमोत. वर्षभर जो नियम सगळ्यांना दाखवून राबवला त्याचा अपवाद कप ठरवणाऱ्या गोलला पहिल्यांदा लोकांना समजतो, मग संशय येणार नाही तर काय. आणि हाशेकच्या पॅडला लागून सुटलेला पक 'ताब्यात' कसा रे? तो मोकळा पक. तिथे डॅलसचा दुसरा कुणी असता, बफेलोचा डिफेन्समन असता, कुणीही मारला असता. हा तिथे होता म्हणून त्याला मिळाला, आणि तो तिथे होता म्हणजे कुठे होता, तर निळ्यात.

फुकटसल्ला
मोकळा नाही म्हणता येत, फूटभर अंतर होतं, अर्धा सेकंद सुद्धा नाही. तू ड्रिबल करताना पण पक काठीपासून सुटतोच की. आणि गोल रद्द झाला असता तरी बफेलो जिंकली नसती, मॅच चालू राहिली असती, ती जिंकायची, मग सातवी डॅलसला जाऊन जिंकायची. लोक असं बोलतात जशी कपवर नावं कोरून झाली होती.

सातारचा_सुभ्या
मला आईस हॉकीतलं ओ का ठो कळत नाही पण धागा वाचायला मजा येतेय. एक बेसिक शंका, त्यांनी त्या रात्री रिव्ह्यू केला का नाही केला? सरळ सांगा.

नायगारा_नाका
लीग म्हणते केला, वर बसलेल्या माणसांनी सगळे अँगल बघितले. मैदानातल्या कुणाला तसं काही झाल्याचं दिसलं नाही. एरवी रेफरी फोन कानाला लावून उभा असायचा, सगळं स्टेडियम बघायचं. इथे अर्ध्या मिनिटात बर्फावर गर्दी, मग त्या गर्दीला बाहेर काढून 'चला परत खेळा' म्हणायची हिंमत कोण करणार? माझा आक्षेप गोलपेक्षा यावर जास्त आहे. रिव्ह्यू केला असेल तर तो दिसला पाहिजे.

मृण्मयी_कॅलगरी
बफेलोवाल्यांचं रडगाणं ऐकून घेतलं, आता आमचं ऐका. २००४, परत फायनल, परत सहावी मॅच. कॅलगरी सिरीजमध्ये ३-२ ने पुढे, घरच्या मैदानात, मॅच २-२, तिसऱ्या पिरियडची सातेक मिनिटं शिल्लक. आमच्या जेलिनाच्या स्केटला लागून पक गोलकडे गेला आणि टॅम्पाचा गोली खाबिबुलिन याने पाय लांब करून पॅडने बाहेर काढला. खेळ तसाच पुढे चालू. नंतर टीव्हीवर एक अँगल दाखवला ज्यात काळा पक आणि लाल रेषा यांच्या मधे पांढरा बर्फ स्वच्छ दिसतो. स्वच्छ म्हणजे स्वच्छ. पक पूर्ण रेषेपलीकडे गेला की गोल, एवढाच नियम, यात ताबा नाही मेमो नाही.

गोल दिला नाही. टॅम्पा दुसऱ्या ओव्हरटाइमला जिंकली, मग सातवी पण २-१ ने जिंकली, कप फ्लोरिडात. जिथे बर्फ फक्त सरबतात असतो.

ढ_गोलकीपर
ताई, मारू नका, पण तो गोल नव्हता बहुतेक. मी तो अँगल पुष्कळदा बघितलाय. पक बर्फावर नव्हता, उडालेला होता, पॅडच्या वरच्या बाजूला लागलाय. कॅमेरा तिरका आणि वरून. आता पक बर्फापासून काही इंच वर असेल आणि तुम्ही समोरून तिरकं खाली बघत असाल तर तो रेषेच्या आहे त्यापेक्षा जास्त पलीकडे दिसणारच, मधला पांढरा पट्टा हा पकच्या खालचा बर्फ नाहीच, मागचा आहे. घरी करून बघा, टेबलाच्या कडेवर नाणं बोटात वर धरा आणि खुर्चीतून बघा, मग बरोबर डोक्यावर जाऊन बघा. लीगने हेच कारण दिलं, खात्रीने सांगता येत नाही. बरोबर रेषेच्या वरचा कॅमेरा असतो, त्यात त्या वेळेस गोलीचं पॅड आडवं आलेलं.

मृण्मयी_कॅलगरी
गोलकीपर आहेस ना, म्हणूनच असं बोलतोस 😤 नाण्याचं मला पण माहितेय. पण 'खात्रीने सांगता येत नाही' आणि 'गोल नव्हता' यात फरक आहे की नाही? आमच्याकडे बारमध्ये आजही कुणी 'इट वॉज इन' म्हणलं की अनोळखी माणूस मान डोलावतो. आणि माझा मुख्य राग हा की खेळ थांबवून कुणी बघितलंच नाही, पुढच्या थांब्याला पण नाही. आधी थांबवा, बघा, मग म्हणा की कळत नाही. ते मी गिळलं असतं.

खडकी_एक्स्प्रेस
ताईंचं पटलं. हे बघा, आपल्या हॉकीत हेच एक बरं केलंय. टीमला रेफरल असतो, एक. कॅप्टन किंवा जो कुणी जवळ असेल तो हाताने टी करतो आणि अंपायरला प्रश्न सांगावा लागतो. 'बघा जरा काहीतरी झालं' असं नाही चालत. डीमध्ये डिफेंडरच्या पायाला लागला, पेनल्टी कॉर्नर पाहिजे. किंवा मारणाऱ्याच्या बॅकस्टिकने (स्टिकच्या उलट्या बाजूने) गेला, गोल रद्द करा. तेवढंच बघितलं जातं. २३ मीटरच्या आतलंच, गोल, स्ट्रोक, कॉर्नर यापुरतं. आणि अंपायरचा माइक टीव्हीवर ऐकू येतो, प्रश्न काय विचारला, वरून उत्तर काय आलं, घरबसल्या सगळं कळतं. बरोबर निघालं तर रेफरल परत, चूक निघालं तर गेलं. आणि व्हिडिओ अंपायरला दिसलंच नाही तर तो सरळ म्हणतो 'नो अ‍ॅडव्हाइस पॉसिबल', मैदानावरचा निर्णय कायम आणि रेफरलही तुमच्याकडे शिल्लक. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

मुरमाच्या मैदानावर खेळलोय आम्ही, तिथे रिव्ह्यू म्हणजे बोर्डाचा आवाज. पाठीमागची फळी खाडकन वाजली की गोल, नाही वाजली की भांडण. जाळीला भोक असलं की अजून मोठं भांडण.

अ_निर्णय
काका, प्रश्न विचारून बघण्याची पद्धत मलाही आवडते. पण आपली हॉकी एवढी सोज्वळ करू नका. बर्मिंगहॅम २०२२ विसरलात? कॉमनवेल्थ सेमीफायनल, आपल्या मुली विरुद्ध ऑस्ट्रेलिया, १-१, शूटआउट. पहिलीच ऑस्ट्रेलियाची मेलोन आली, सविताने अडवलं. आणि मग सांगतात घड्याळ चालूच झालं नव्हतं, परत घ्या. परत घेतलं, गोल. तिथून मुलींची लयच गेली, ०-३. आंतरराष्ट्रीय फेडरेशनने नंतर माफी मागितली. माफी घेऊन काय करायचं, सांगा. घड्याळ चालू झालं नाही तर नियमाने परत घेणं बरोबरच असेल, पण शूटआउटला मिळणारे आठ सेकंद मेलोनने पूर्ण वापरलेच नसताना फक्त घड्याळवाल्याच्या चुकीने सविताचा सेव्ह पुसला जातो. हे कुठल्या रेफरलमध्ये विचारणार?

खडकी_एक्स्प्रेस
नका आठवण काढू. त्या रात्री झोप नाही लागली. तरी पोरींनी दोन दिवसांनी न्यूझीलंडला हरवून ब्राँझ आणलं, तेही शूटआउटमध्येच, याला म्हणतात जिगर.

सातारचा_सुभ्या
आणि पॅरिस ऑलिम्पिक? अमित रोहिदासचं रेड कार्ड? ते पण व्हिडिओ बघूनच दिलं ना

अ_निर्णय
तेच सांगणार होतो. २०२४, क्वार्टर फायनल, ग्रेट ब्रिटन. १७ व्या मिनिटाला रोहिदासची स्टिक कॅल्ननच्या तोंडाला लागली. व्हिडिओवर गेले आणि रेड. चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांनी खेळून १-१ राखलं आणि शूटआउटमध्ये ४-२, श्रीजेश होता म्हणून. पण रोहिदास सेमीला बाहेर, जर्मनीकडून २-३ हरलो. हॉकी इंडियाने नंतर रीतसर तक्रार केली की व्हिडिओचे निर्णय एकसारखे नाहीत.

माझं म्हणणं असं की यात दोन वेगळ्या जातीचे प्रश्न आहेत आणि आपण दोन्हीसाठी एकच यंत्र वापरतोय. पक रेषेच्या पलीकडे गेला का, पायाला लागला का, बॉल डीमध्ये असताना स्टिकचा स्पर्श झाला का, याचं उत्तर जगात एकच असतं, कॅमेरा चांगला असेल तर ते मिळतं. पण रोहिदासने मुद्दाम मारलं का ओघात स्टिक वर गेली? हलचा ताबा होता का? गोलीला अडथळा झाला का? हे स्लो मोशनमध्ये बघितलं की उलट बिघडतं. ओघातली स्टिक स्लो मोशनमध्ये मुद्दाम मारल्यासारखीच दिसते. दहा वेळा बघितलं तर दहा मतं होतात आणि अकरावं मत त्या खोलीत बसलेल्याचं, तेच शेवटचं.

फुकटसल्ला
+१. आणि पहिल्या जातीचा प्रश्न सुद्धा अति झाला की वैताग. आईस हॉकीतला ऑफसाइड बघा, म्हणजे पकच्या आधी निळी रेषा ओलांडून समोरच्यांच्या भागात जाणं. २०१३ ला कोलोरॅडोचा डुशेन निळ्या रेषेच्या इतका आत होता की नॅशव्हिलचे लोक चक्क थांबले, शिट्टी वाजणार म्हणून. लाइन्समनला वाटलं पक नॅशव्हिलनेच मागे नेला. याने आरामात गोल मारला, मॅच ६-५. सगळे म्हणाले असलं परत नको. म्हणून २०१५-१६ पासून कोचला चॅलेंज दिला, ऑफसाइड आणि गोलीला अडथळा, दोन गोष्टींवर.

आता तो चॅलेंज डुशेनसारख्या ढळढळीत चुकीसाठी होता. वापरला कशासाठी? स्केट बर्फाला टेकलेला होता का अर्धा सेंटिमीटर उचललेला होता यासाठी. लाइन्समन टॅबलेटमध्ये तोंड घालून उभा, वीस हजार लोक पॉपकॉर्न खातायत, आणि त्या ऑफसाइडनंतर मिनिटभर खेळून झालेला सुंदर गोल रद्द. शेवटी २०२०-२१ ला नियमच बदलला, स्केट हवेत असला तरी रेषेच्या वर असला की पुरे. आणि उगाच चॅलेंज केला तर दोन मिनिटांची पेनल्टी (तेवढा वेळ एक माणूस कमी) लावली, आधी फक्त ऑफसाइडला, नंतर सगळ्याला, दुसऱ्यांदा चुकलात तर चार मिनिटं. तेव्हा कुठे कोच लोक शहाणे झाले.

सातारचा_सुभ्या
पेनल्टी हे भारी आहे. क्रिकेटमध्ये रिव्ह्यू वाया गेला तर एवढंच की रिव्ह्यू गेला. पाच रन कापायला पाहिजेत, मग बघू कोण कोण पॅडला लागलं की लगेच टी करतंय 😂

ढ_गोलकीपर
पण पेनल्टीचा तोटा पण आहे ना. गोलीला अडथळा यात निर्णय नाणेफेकीसारखे येतात. सारखाच प्रसंग, सोमवारी गोल, बुधवारी नो गोल. कोचला खरंच वाटतंय अडथळा झाला, पण एका माणसाने कमी खेळावं लागेल म्हणून तो गप्प बसतो. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नाही त्यावर पैज लावायला सांगताय. रेषेच्या प्रश्नाला दंड ठीक, डोक्यातल्या प्रश्नाला दंड अन्याय.

मृण्मयी_कॅलगरी
२०१९ चं कुणी काढलं नाही अजून. सॅन होजे विरुद्ध सेंट लुईस, कॉन्फरन्स फायनल, तिसरी मॅच, ओव्हरटाइम. सॅन होजेच्या मायरने हाताने पक ढकलला, हँड पास, शिट्टी वाजायला पाहिजे होती, नाही वाजली, कार्लसनने गोल मारला, मॅच खलास. चार रेफरी बर्फावर, एकालाही दिसलं नाही, टीव्हीवर सगळ्या जगाला दिसलं आणि गंमत म्हणजे ते रिव्ह्यू करायची नियमात सोयच नव्हती. हँड पास यादीत नाही, संपलं. सेंट लुईसने पुढे सिरीज आणि कप दोन्ही जिंकलं म्हणून तो वाद मेला, नाहीतर त्यांनीही पंचवीस वर्षं स्टिकर छापले असते. पुढच्या सीझनपासून सुटलेली शिट्टी पण चॅलेंज करता यायला लागली.

दर वेळेस हेच. कुणाचा तरी बळी जातो, मग त्या एका प्रसंगापुरतं कलम वाढवतात.

नायगारा_नाका
आणि आमचा बळी गेल्यावर तर कलम काढूनच टाकलं! डॅलसने कप घेतला आणि पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत स्केट-क्रीझमध्ये हा रिव्ह्यूच बंद. अडथळा झाला का ते रेफरी ठरवेल. म्हणजे नियम चुकीचा होता हे मान्य, फक्त ज्या दिवशी तो आमच्या बाजूने लागला असता त्या दिवशी तो लागला नाही. बफेलोकडे आजतागायत एकही कप नाही, हे पण लक्षात घ्या. असतं एखादं तर लोक विसरले असते.

खडकी_एक्स्प्रेस
मग आता मला अडाण्याला एवढं सांगा. तो गोल आजच्या नियमाने काय?

अ_निर्णय
काका, आजच्या नियमाने गोल. ओव्हरटाइम असल्याने कोचला चॅलेंज नसतो, लीगवाले टोरोंटोतल्या व्हिडिओ रूममधून स्वतःच बघतात. प्रश्न एवढाच की हलमुळे हाशेकला अडवता आलं नाही का. हाशेक आडवा पडलेला होता तो पहिला शॉट अडवल्यामुळे, हलचा स्केट त्याला लागला पण नाही. दोन मिनिटांत रेफरी माइकवर सांगेल, गुड गोल, घरी जा. त्या वेळच्या छापील नियमाने, मेमो बाजूला ठेवला तर, नो गोल. मेमो धरला तर 'ताबा' म्हणजे काय यावर अडतं आणि तिथे फुकटसल्ला आणि नायगारा मरेपर्यंत भांडू शकतात.

फुकटसल्ला
मरेपर्यंत नाही, फक्त सीझन सुरू होईपर्यंत. आणि ताबा होता.

नायगारा_नाका
नव्हता. आणि मेमो मार्चमधला असेल तर मार्च ते जून तो बोर्डावर लावायला कुणी अडवलं होतं? आपल्याकडे सोसायटीत पाणी बंद असेल तरी लिफ्टपाशी नोटीस लावतात राव.

मृण्मयी_कॅलगरी
आमचा आत होता. एवढं लिहून मी झोपते.

ढ_गोलकीपर
ताई, हवेत होता 🙏 वरच्या कॅमेऱ्याचा स्क्रीनशॉट सापडला की टाकतो, पॅड आडवं आहे त्यात पण तुम्हीच बघा.